निवृत्तीनंतर थायलंड-मलेशियात राहायला जावं का? (बेळगावकरांनी जरूर लिहा, बाकीच्यांचंही स्वागत)

उद्यमबागकर
राम राम मंडळी. उद्यमबागेतलं माझं मशीन शॉप आता भाचा बघतो. मी साठीला टेकलोय, हिला सत्तावन्न. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात. दोघांचंही 'आमच्याकडेच या' चालू असतं, पण कॅनडाची थंडी एकदा बघून झाली आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये उरलेलं आयुष्य घालवायची इच्छा नाही.

सध्या यूट्यूबवर गोऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय. महिना दीड हजार डॉलरमध्ये चियांग माईत स्विमिंग पूलवाला फ्लॅट, रोज बाहेर जेवण, आठवड्याला मसाज. वर म्हणतात 'स्वस्ताई आहे'. म्हटलं, आपणही का जाऊ नये? व्याज, शेडचं भाडं आणि हिची शिक्षिकेची पेन्शन धरून महिन्याला एक लाख वीस हजाराच्या आसपास येतं. टिळकवाडीत घर स्वतःचं, कर्ज कुणाचं नाही. मला बीपी, हिला शुगर. दोघंही शाकाहारी (मी अधूनमधून नाही, पण ही हा धागा वाचणार आहे).

थायलंडमधलं चियांग माई किंवा मलेशियातलं पेनांग डोक्यात आहे. व्हिसा मिळतो का, पैसे तिकडे कसे न्यायचे, आजारपणाचं काय, इथल्या घराचं काय? कुणी प्रत्यक्ष राहून आलं असेल तर सविस्तर लिहा. 'आपला गाव बरा' एवढंच लिहायचं असेल तर ते मला आमच्या गल्लीत रोज ऐकायला मिळतं.

राकसकोप
परदेशात राहायला थायलंडपर्यंत कशाला जाताय ओ? आपण १९५६ पासून घरबसल्या परदेशातच आहोत की.

मार्कंडेय_काठ
झालं, दुसऱ्याच प्रतिसादात! ह्या विषयाचे ढीगभर धागे आहेत, एक नोव्हेंबरला वर काढू. इथं व्हिसाचं बोला.

निप्पाणीचा_बाबू
मामा, मी रायोंगला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत होतो, त्यामुळं थायलंडचं तेवढं माहितीये ते लिहितो.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी त्यांचा नॉन-इमिग्रंट ओ-ए व्हिसा आहे. त्यासाठी बँकेत आठ लाख बात (तिथलं चलन) दाखवायचे, नाहीतर महिना पासष्ट हजार बात उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे आठ लाख भरायला हवेत. पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला आणि तीस लाख बातांचा आरोग्यविमाही मागतात. एक वर्षाचा मिळतो, मग दरवर्षी मुदतवाढ. बरेच जण दुसऱ्या वाटेनं जातात: साधा नॉन-ओ घ्यायचा आणि तिथल्या इमिग्रेशनमधून निवृत्तीच्या कारणावर वाढवत राहायचं. त्यात विम्याची सक्ती नाही, पण आठ लाख थाई बँकेतच लागतात. मुदतवाढीच्या दोन महिने आधी ते खात्यात असले पाहिजेत, नंतर तीन महिने तसेच राहिले पाहिजेत, आणि एरवीही चार लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे ते पैसे तुमचेच, पण तुम्हाला वापरता येणार नाहीत.

दर नव्वद दिवसांनी 'मी ह्याच पत्त्यावर राहतोय' म्हणून कळवायचं. मध्येच बेळगावला यायचं झालं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचं. न घेता निघालात की मुदतवाढ तिथंच संपली, परत पहिल्यापासून. आमच्या कंपनीतल्या एका जर्मन साहेबाचं असंच झालेलं. विमानतळावर बसून शिव्या देत होता.

जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कोंडो, म्हणजे आपल्या अपार्टमेंटमधला फ्लॅट, घेता येतो, पण इमारतीतली ४९ टक्क्यांपर्यंतच जागा परदेशी लोकांच्या नावावर असू शकते. मी तर म्हणतो भाड्यानंच राहा. चियांग माईत दहा-बारा हजार बातांत एक बेडरूमचा बरा कोंडो मिळतो.

आणि जे व्हिडिओवाले कधी दाखवत नाहीत ते सांगतो. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईत शेतं आणि डोंगर पेटवतात. समोरचा डोईसुतेपचा डोंगर आठवडे-आठवडे दिसत नाही, शाळकरी पोरं मास्क घालून हिंडतात. तिथले जुने निवृत्त लोक त्या दिवसांत दक्षिणेला समुद्राकडं पळतात. म्हणजे भाडं दोन ठिकाणी!

कुंदाप्रेमी
शाकाहारींनी काय खायचं?

निप्पाणीचा_बाबू
पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षर दिसलं की तिथं 'जे' जेवण मिळतं, मांसमच्छी अजिबात नाही, कांदा-लसूणही नाही. दुसरीकडं नुसतं 'भाजी द्या' म्हटलं तर भाजीच देतात, पण वरून फिश सॉस ओततात. त्यांच्या हिशोबात तो मिठासारखा.

निवृत्त_शाखाधिकारी
व्हिसाचं वर आलंच आहे. मी पैशाच्या बाजूचं लिहितो, कारण माझ्या मते अडचण तिथं आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पैसे न्यायला मर्यादा आड येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, नवरा-बायको दोघांची मर्यादा वेगवेगळी. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात. शिक्षण किंवा उपचारांसाठी दर वेगळा आहे, पण राहायला जाणं त्यात बसत नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, तोपर्यंत अडकून राहतो एवढंच.

खरी गोष्ट पुढची. तुम्ही अनिश्चित काळासाठी राहायला गेलात की फेमा, म्हणजे परकीय चलन कायद्यानं अनिवासी ठरता. मग साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करावं लागतं. त्या खात्यातल्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस, पहिल्या रुपयापासूनच. परतावा मागता येतो, दुहेरी करआकारणी टाळण्याचा करारही आहे, पण त्यासाठी दरवर्षी कागद रंगवावे लागतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात, त्यात अनिवासी माणसाला नवीन खातं उघडता येत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढं वाढवता येत नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेचंही दार बंद. म्हणजे ज्या व्याजाच्या जोरावर साहेब निघालेत, ते व्याज निघाल्यावर तसंच राहणार नाही.

आणि तिकडे? वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही थायलंडचे कर-निवासी. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी नियम बदलला. बाहेरचं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते करपात्र.

एक शेवटचा आकडा. दहा वर्षांपूर्वी एक थाई बात दोन रुपयांच्या आत होता. आता अडीचच्या बराच वर गेलाय. तुमची पेन्शन रुपयात, भाडं बातांत. गोऱ्या माणसाचं उत्पन्न डॉलरमध्ये असतं, ही साधी गोष्ट त्या व्हिडिओत कुणी बोलून दाखवत नाही. तुमचं उत्पन्न जागेवर राहिलं तरी भाडं दरवर्षी आपोआप वाढत जाणार, आणि घरमालकानं एक पैसाही वाढवलेला नसणार.

उद्यमबागकर
साहेब, हे वाचून चहा गार झाला. म्हणजे आठ लाख बात म्हणजे जवळजवळ वीस-बावीस लाख रुपये नुसते अडकवून ठेवायचे, असंच ना?

निवृत्त_शाखाधिकारी
होय. आणि त्यावर थाई बँक जे व्याज देते ते बघून तुम्हाला आपल्या सोसायटीची आठवण येईल.

सुभेदार_कॅम्प
माजी सैनिकांसाठी लिहितो, कारण मराठा सेंटरमुळं आपल्याकडं घरटी एक फौजी आहे आणि दोघा-तिघांनी मला हेच विचारलंय. पेन्शन कुठंही राहिलात तरी बंद होत नाही. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नाहीतर भारतीय वकिलातीत जाऊन. चियांग माईत आपलं कॉन्सुलेट आहे. पण ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड देशाबाहेर चालत नाही. कॅम्पातल्या पॉलिक्लिनिकमध्ये गोळ्या घेणाऱ्या माणसानं ते सोडून तीस लाख बातांचा विमा साठीनंतर विकत घ्यायचा, हे गणित मला तरी समजत नाही. कँटीनचं तर सोडाच.

चोर्लाघाट
पेनांगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मलेशियाचा 'माय सेकंड होम' कार्यक्रम २०२४ मध्ये नव्यानं आला. पेनांगसाठी सगळ्यात खालचा टप्पा चांदीचा, त्यात दीड लाख डॉलर मुदत ठेव आणि वर किमान सहा लाख रिंगिटचं घर विकत घेणं बंधनकारक. रुपयात दोन्ही मिळून अडीच कोटींच्या आसपास. सोनं आणि प्लॅटिनमचे टप्पे आहेत, ते वाचूसुद्धा नका. हे निवृत्त पेन्शनरांसाठी नाही, श्रीमंतांसाठी आहे. पेनांगचं जॉर्जटाउन शहर सुंदर आहे, इडली-डोसा गल्लीगल्लीत मिळतो, तमिळ मंडळी पिढ्यान्पिढ्या तिथं आहेत. महिनाभर राहून या आणि परत या.

श्रीलंका त्यामानानं बरी: पंचावन्न वर्षं पूर्ण, पंधरा हजार डॉलर ठेव, आणि दर महिन्याला दीड हजार डॉलर बाहेरून आणायचे, जोडीदाराचे साडेसातशे वेगळे. पण म्हणजे महिना सव्वादोन हजार डॉलर! तुमच्या एक लाख वीस हजारात बसत नाही.

नेपाळला १९५० च्या करारामुळं आपल्याला व्हिसाच नको. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर कित्येक वर्षं बांधलेला, त्यामुळं शाखाधिकारी साहेबांनी लिहिलेली भीती तिथं नाही. पोखऱ्यात फेवा तलावाजवळ भाड्यानं राहणं हा माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय. जमीन मात्र विकत घेता येत नाही, आणि मोठं आजारपण आलं तर काठमांडू नाहीतर थेट दिल्ली.

राकसकोप
आणि मॉरिशस? तिथं आपली माणसं आहेत म्हणे.

चोर्लाघाट
आहेत की. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांत कोकणातले मराठीही होते. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो. पन्नाशीनंतरचा निवृत्ती परवानाही आहे, त्यात दर महिन्याला ठरावीक डॉलर आणावे लागतात. पण मॉरिशस स्वस्त नाही. सगळं बोटीनं येतं, कोबीसुद्धा कधीकधी.

(राकसकोप, तिथं मराठीसाठी आंदोलन करावं लागत नाही हे वाचून तुम्ही लगेच तिकीट काढाल, म्हणून मुद्दाम दराचं लिहिलं.)

शहापूरची_अक्का
भावजी, वहिनी काय म्हणूलाल्यात ते एकदा लिहा की. सगळा धागा वाचलो, त्यांचं एक वाक्य नाही कुठं.

मी पोराकडं मस्कतला राहून आलोय म्हणून सांगूलोय. पोरगा-सून कामावर गेली की दुपार खायला उठते. बाप्ये लोक कुठं तरी फेऱ्या मारून येतात, बाकावर बसतात, हातवारे करून ओळख काढतात. बाईला जिन्यात उभं राहून बोलायला शेजारीण लागते. इथं खडेबाजारात भाजीवालीला 'काय गं, काल वीस होतं की' म्हणून दहा मिनिटं हुज्जत घातली की माझा दिवस चांगला जातोय. ती कानडीत बोलते, मी मराठीत, दोघींना सगळं कळतंय. तिकडं आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवतात आणि आपण नोट द्यायची. त्यात कसलं आलंय सुख?

आणि शुगर आहे म्हणताय त्यांना. रात्री दोनला घाम फुटला, बोलणं तोतरं झालं, तर अँब्युलन्सवाल्याला थाई भाषेत काय सांगणार तुम्ही? दवाखाने चकाचक असतील, पण तिथपर्यंत पोचवायला माणूस लागतंय. टिळकवाडीत दार वाजवलं तर चार घरं जागी होतात.

मी जाऊ नका म्हणत नाही. त्यांना विचारा तेवढं.

उद्यमबागकर
अक्का, विचारलं. ती म्हणाली, 'दोन महिने चालेल, गणपती आणि पंचमी सोडून. कायमचं जायचं तर तुम्ही जा, मी फोन करत जाईन.'

खानापूरची_लेक
मी उलट्या बाजूनं लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत, आता दोघंही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे. माझ्यासाठी 'कमी खर्चाचा परदेश' म्हणजे बेळगाव! माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, त्यामुळे पुढच्या दोन वर्षांत परत यायचं घाटतंय.

काका जे व्हिडिओ बघतात त्यातल्या लोकांची बाजू मला माहीत आहे. अमेरिकेत निवृत्त माणसाला सोशल सिक्युरिटीचे सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. आमच्या भागात एवढ्यात एका बेडरूमचं भाडंही जेमतेम निघतं. ते चियांग माईला हौसेनं जातात असं दाखवतात, पण बरेच जण भाड्याला घाबरून पळालेले असतात. काकांच्या डोक्यावर भाडंच नाही, मग पळायचं कशापासून?

इकडून परत येणाऱ्यांसाठी थोडं, कारण इथं वाचणारे तसेही असतील. मेडिकेअर अमेरिकेबाहेर चालत नाही, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. सोशल सिक्युरिटी भारतात राहूनही मिळते आणि दोन्ही देशांच्या करारानुसार तिच्यावर कर फक्त अमेरिका लावते. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर (निवासी, पण 'सामान्यतः निवासी' नाही) असा कराचा दर्जा मिळू शकतो, त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथं कर नाही. तेव्हा कुठल्या महिन्यात परतायचं हे सीएला विचारून ठरवा. नागरिक असाल तर भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की दरवर्षी अमेरिकेला कळवावंच लागतं.

आणि शेती. ओसीआय माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. वारसानं आलेली ठेवता येते. माझ्या भावानं एका एजंटाच्या नादानं मला 'नातेवाइकाच्या नावावर घेऊ, तू पैसे पाठव' असं सुचवलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. वडिलांच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं की मला पुरे, आणि ते लागण्यासाठीच किती खेपा घालाव्या लागतील ते दिसतंच आहे.

राकसकोप
ताई, उतारा कानडीत येणार, तयारी ठेवा.

खानापूरची_लेक
माहिती आहे. न्यू जर्सीत बसून मुळाक्षरं गिरवतेय. हसू नका.

मार्कंडेय_काठ
दुबईचं कुणी विचारण्याआधी मीच लिहितो. पंचावन्ननंतरचा पाच वर्षांचा व्हिसा आहे, पण दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा तेवढी बचत, नाहीतर मोठं मासिक उत्पन्न लागतं. बेळगावातून गल्फला गेलेल्या बहुतेकांनी तिकडं कमावून इथं घर बांधलं, ते उगीच नाही.

उद्यमबागकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री वही घेऊन बसलो. बाराशे-पंधराशे डॉलरचा जो थाटमाट व्हिडिओत दिसतो, तो रुपयात एक लाखाच्या वर जातो. म्हणजे आमची जवळजवळ सगळी मिळकत. त्यात विमा नाही, वर्षातून एकदा इकडे यायचं तिकीट नाही, धुराच्या दिवसांतलं दुसरं भाडं नाही. इथं आमचा महिना कामवाली, पेट्रोल, औषधं, रविवारचा मिसळपाव धरून पन्नास हजारांत निघतो आणि उरतं. आमच्यासाठी थायलंड स्वस्त नाही, आम्हीच इथं स्वस्तात राहतोय. हे आधी लक्षात आलं नाही, कारण व्हिडिओत सगळे डॉलरमध्ये बोलतात.

कायमचं जायचा विषय सोडला. पण हौस सोडलेली नाही. ठरवलंय ते असं: नोव्हेंबरअखेरीस जायचं, धूर सुरू व्हायच्या आत, जानेवारीतच परत. महिन्याच्या भाड्यानं कोंडो. निवासी दर्जा, खाती, ज्येष्ठ नागरिक योजना, सगळं जिथल्या तिथं. भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये पर्यटनाला व्हिसामाफी मिळाली होती, ती अजून आहे का आणि तेवढ्यात बसतं का ते बघतोय. पुढच्या वर्षी पोखरा.

निप्पाणीचा_बाबू
हे बेस्ट, मामा. व्हिसामाफी किती दिवसांची ते तिकीट काढायच्या दिवशीच बघा, ते लोक बदलत राहतात. कमी पडली तर तिथल्या इमिग्रेशनमध्ये फी भरून मुदत वाढवून मागता येते. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतंय, त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळं पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. मामींच्या औषधांची डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि गोळ्या मूळ पाकिटातच न्या, डब्यात सुट्या करून नको. कोंडोवाल्याला 'टीएम३०' भरलंय का ते पहिल्या दिवशी विचारा, पत्त्याची नोंद त्यानंच करायची असते.

निवृत्त_शाखाधिकारी
आणि प्रवासविमा घेताना बीपी-शुगर लपवू नका. चार रुपये वाचतात आणि दावा फेटाळतात.

सुभेदार_कॅम्प
नोव्हेंबरअखेरीस निघताय म्हणजे वहिनींचा हयातीचा दाखला निघायच्या आधी द्या, तिकडून करत बसू नका.

उद्यमबागकर
तो फोनवर होतो ना? की बँकेतच जावं लागेल?

सुभेदार_कॅम्प
फोनवर होतो. पण आधारवरचं आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव एकच आहे का ते आत्ताच बघून घ्या. आमच्या हिचं एकीकडं माहेरचं होतं, एकीकडं सासरचं. ते नीट करून घ्यायला दिवाळी उजाडली.